आरशातला डावा हात

हात नाही तर दुखतोय कसा?

हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांची तोंडं आजही एकेक करून आठवतात. ऑपरेशन करणारा डॉक्टर, गल्लीतली बाई, शाळेतले सर, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस. कोणी काळजीनं विचारलं, कोणी हसू दाबून. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात सणक जायची. कारण तो दुखत होता. माझा डावा हात कोपराच्या जरा खाली संपतो. पण दुखायचं ते तिथं नाही, त्याच्या पुढं, जिथं काही नव्हतं तिथं.

मी कंधारला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. घर शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात. मी लहान असतानाच वडील गेले. तेव्हापासून आमची जमीन काकांनी कसली आणि मला बी.एड.पर्यंत शिकवलं तेही काकांनीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं घरात जेव्हा जेव्हा मी तोंड उघडलं तेव्हा तेव्हा ही गोष्ट माझ्या अंगावर फेकण्यात आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. सोयाबीन कापून शेतात बनीम, म्हणजे गंजी, लावून ठेवलेली होती, वर आभाळ भरून यायला लागलं होतं, आणि मजूर मिळत नव्हते. मळणीचं मशीन काकांचं स्वतःचं. ट्रॅक्टरला जोडून ते आजूबाजूच्या गावांतही भाड्यानं न्यायचे. असल्या मशीनच्या तोंडावर पत्र्याचं लांब झाकण असतं. काड, म्हणजे कापलेलं पीक, आत सारणाऱ्याचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचू नये म्हणून ते दिलेलं असतं. काकांनी ते पहिल्याच हंगामात काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. झाकण असलं की काड अडकतं, काम रेंगाळतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच्यावर कोंबड्या बसायच्या.

त्या दिवशी काड सारायला मी उभी राहिले. अंगात वडिलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट होता. शेतात आम्ही बायका असाच शर्ट घालतो. डाव्या बाहीचं बटण तुटलेलं होतं. काड ओलसर होतं, आत जाईना, म्हणून मी जरा पुढं दाबलं. सुटी बाही आत गेली आणि तिच्यामागं हात.

त्या क्षणी दुखलं नाही. कोणीतरी हाताला धरून आत ओढतंय एवढंच कळलं, आणि मी जीव खाऊन मूठ आवळली. मग कोणीतरी ट्रॅक्टर बंद केला. त्यानंतरचं आठवतं ते लातूरच्या दवाखान्यातलं छत.

शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी होती आणि काका पायाशी उभे होते. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. बोलले.

"तुझं ध्यान कुठं हुतं गं?"

मला आजही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हणाले, "झाकण कुठं होतं, काका?"

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नको. त्यांनीच उचलून आणलंय तुला. त्यांनीच वाढवलंय."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मूठ दुखायला लागली. पट्टी बांधलेला तो थोटा भाग वेगळा दुखत होता, ते समजण्यासारखं होतं. ही मूठ वेगळी. मशीननं ओढताना मी जशी आवळली होती तशीच ती आवळलेली राहिली होती. अंगठा बोटांच्या आत अडकलेला आणि चारी नखं तळव्यात रुतलेली. मला तो अंगठा स्पष्ट जाणवत होता. तो बाहेर काढता येत नव्हता, कारण तो नव्हताच.

मी आईला म्हणाले, "माझी मूठ उघड."

आईनं उजवा हात हातात घेतला. "उघडीच हाय की."

"हा नाही, तो."

आई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली.

डॉक्टर तरुण होता, हुशार होता, टाके त्यानं सुरेख घातले होते. पण मुठीचं सांगितलं तेव्हा त्यानं फाईलमधून मान वर केली नाही. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या टीचर आहात ना? हात नाही तर दुखेल कसा? मनावर घेऊ नका. झोप नीट घ्या."

मी म्हणाले, "मी मनावर घेत नाहीये. हातावर घेतेय."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहायची आणि त्या गुंगीतही मूठ आवळलेलीच असायची.

गावी आणल्यावर काकूनं कारण शोधून काढलं. कापलेला हात काकांनी कापडात गुंडाळून बांधावरच्या बोरीखाली पुरला होता. काकू आईला म्हणाली, "मूठ मिटूनच पुरलाय की ओ त्यो. उघडून पुरायला पायजे हुता. आता त्यो तिकडं आवळतोय आन हिला हिकडं दुखतंय." आई त्या बाजूनं विचार करायला लागली. मग कोणीतरी भानामतीचं नाव काढलं. माझं लग्नाचं बघणं चालू होतं, कोणाच्या तरी डोळ्यावर आलं असेल, असं ठरलं. आणि एका सकाळी निलंग्याकडचा भानामती उतरवणारा एक जाणता मला न विचारता ओट्यावर येऊन बसला. कपाळभर राख, पिशवीत लिंबं.

त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "हाताची वासना ऱ्हायलीय. आतनं खेचून ऱ्हायलाय त्यो."

मी म्हणाले, "मशीननं खेचला. वासना बिसना काही नाही. मशीनवर झाकण नव्हतं."

"बाई लई बोलती," तो काकांना म्हणाला. आणि त्यानं माझा तो थोटा भाग, ज्याची जखम अजून पुरती भरली नव्हती, सरळ मुठीत पकडला.

मी उजव्या हातानं त्याच्या कानशिलात दिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मारलं. त्याची लिंबं ओट्यावरून रस्त्यावर गडगडत गेली. काकू ओरडायला लागली, आई रडायला लागली, आणि काका मान खाली घालून आत निघून गेले. गावात दुपारपर्यंत बातमी झाली की मास्तरणीला खरंच लागिर झालंय, तिनं जाणत्यावर हात टाकला. मला पश्चात्ताप झाला नाही. अजून होत नाही.

जखम दाखवायला लातूरला गेले तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या विभागात मला पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्याहून लहान, उदगीरकडची, झरझर बोलणारी मुलगी होती. तिनं खांदा फिरवायला लावला, कोपर वाकवायला लावला आणि मध्येच विचारलं, "ताई, हात जाणवतो का?"

मी सावध झाले. "कोणता?"

"गेलेला."

इतक्या दिवसांत हा प्रश्न असा सरळ कोणी विचारला नव्हता.

"जाणवतो," मी म्हणाले. "मूठ मिटलेली आहे. अंगठा आत."

"नखं रुततात?"

तेव्हा मी रडले. दुखतं म्हणून नव्हे, रागानं. हे एवढं साधं माहीत असलेलं माणूस याच इमारतीत खालच्या मजल्यावर बसलेलं होतं, आणि वरच्या मजल्यावरच्यानं मला झोप घ्यायला सांगितलं होतं.

तिनं मला रडून घेऊ दिलं. मग म्हणाली, "ह्याला फँटम पेन म्हणतात. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही. मेंदू हुकूम पाठवत राहतो, तिकडून उत्तर येत नाही. आपण त्याला उत्तर दाखवू." आणि टेबलाखालून तिनं एक आरसा काढला. भिंतीवर टांगतात तसला साधा आरसा, प्लॅस्टिकच्या चौकटीचा.

माझं डोकं पुन्हा फिरलं. "मला काय लहान पोर समजलात? आरशात उजव्या हाताची आभासी प्रतिमा दिसेल. दरवर्षी वर्गात शिकवते मी हे."

"मग तर बरंच झालं," ती म्हणाली. "मला समजवावं लागणार नाही."

तिनं आरसा टेबलावर माझ्या छातीसमोर मधोमध उभा केला, काच उजवीकडं आणि पाठ डावीकडं. थोटा भाग पाठीमागं ठेवायला लावला, मला दिसणार नाही असा. उजवा हात काचेसमोर. "आता मान वाकवून आरशात बघा. उजव्या हाताकडं बघायचं नाही."

मी बघितलं. टेबलावर माझा डावा हात होता.

मला सगळं ठाऊक होतं. उजव्या हातावरून निघालेला प्रकाश काचेवर पडतो, ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो आणि डोळ्यात येतो. वाटेत तो वळलाय हे डोळ्याला कळत नाही. डोळा समजतो की हा समोरून सरळ आला. म्हणून तो त्या किरणांना मागं, काचेच्या पलीकडं सरळ वाढवत नेतो, आणि ते जिथं एकत्र येतील तिथं त्याला वस्तू दिसते. हात काचेपासून एक वीत अलीकडं असेल तर प्रतिमा बरोबर एक वीत पलीकडं. तिथं एकही किरण पोचलेला नसतो. तिथं पडदा धरला तर त्यावर काही उमटत नाही. म्हणून ती आभासी. आणि उजव्या हाताचा अंगठा काचेकडं असतो, तर प्रतिमेचाही काचेकडंच, म्हणून ती डाव्या हातासारखी दिसते. फळ्यावर तुटक रेषा काढून मी हे कितीदा शिकवलं होतं. पण ज्या जागी माझा हात असायला हवा होता, नेमकी तीच ही जागा आहे, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"मूठ मिटा," ती म्हणाली. "दोन्ही मिटताय असं समजा. आता हळूहळू उघडा. दोन्ही."

उजवी उघडली. आरशातली उघडली. माझी उघडली नाही.

"होत नाही," मी म्हणाले.

"आज नाही होणार. रोज करायचं, सकाळ-संध्याकाळ, थोडा थोडा वेळ. काही जणांना फरक पडतो, काहींना नाही पडत. खोटं सांगणार नाही."

त्या एका वाक्यासाठी मी तिच्यावर विश्वास ठेवला.

येताना लातूरच्या बाजारातून तसलाच आरसा घेतला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी घोटाळा कळला. काच सपाट नव्हती. स्वस्तातल्या आरशाला लाटा असतात. तोंड बघायला त्या लक्षात येत नाहीत, पण हात त्यात कुठं फुगायचा, कुठं आखडायचा. बोटं उघडली की मधलं बोट वाकडं व्हायचं. ते बघून माझी मूठ आणखीच आवळायची. मी तो आरसा उचलून अंगणात फेकला.

"आरशात बघत बसती आन आरसेच फोडती," काकू शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

आमच्या घरात चांगला, जाड, सपाट आरसा एकच होता, काकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराला. मी सरळ त्या खोलीत गेले. काका कॉटवर बसून रेडिओ ऐकत होते. हॉस्पिटलमधल्या त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर फारसे आलेच नव्हते. मी अंगणात आले की ते शेताला निघायचे.

"काका, कपाटाचा आरसा काढून द्या."

काकू धावत आली. "अगं कपाट इद्रूप हुईल की."

मी माझा डावा बाहू तिच्या तोंडासमोर धरला. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

काका उठले. पेचकस आणला आणि एकेक स्क्रू स्वतः काढला. आरसा उचलून माझ्या खोलीत आणला, टेबलावर उभा केला आणि पडू नये म्हणून पलीकडून धरून उभे राहिले. मी मागं थोटा हात ठेवला, पुढं उजवा, आणि सुरू केलं. मूठ मिटायची. उघडायची. आरसा जरा कलला तरी प्रतिमा दुप्पट सरकते. काकांनी पकड बदलली की आरशातला माझा हात कोपरापासून तुटून बाजूला जायचा.

"नीट धरा," मी खेकसले.

"धरून ऱ्हायलो की. पर ह्यानं हुणार काय? मला तर काय दिसंना."

"तिकडून काय दिसणार तुम्हाला! तुम्ही आरशाच्या मागं आहात. तिकडं काही नसतंच. इकडं या."

मी दारात उभ्या आईला आरसा धरायला लावला. काका माझ्या बाजूला आले. मी त्यांना खाली बसवलं, डोकं माझ्या डोक्याला टेकेल इतकं जवळ, कारण माझ्या डोळ्यांच्या जागेवरूनच ते नीट दिसतं. "आता बघा."

मी बोटं पसरली. आरशात डावा हात पसरला. काकांनी एकदा माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, मग आरशात. दोन हात.

"व्हता तसाच हाय की गं," ते म्हणाले.

"तसाच होता. झाकण असतं तर तसाच राहिला असता."

आई आरशामागून म्हणाली, "पुरे कर आता."

"नाही करत पुरे. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

काका आरशाकडंच बघत म्हणाले, "माझी चूक हाय. झाकण बसवतो."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. तसं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून आई रोज न सांगता आरसा धरायला येऊन बसायला लागली, आणि भानामतीचं नाव आमच्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

अंगठा सुटला तो संक्रांतीच्या आसपास. नेहमीसारखी मी उजवी मूठ उघडत होते, आरशात डावी उघडत होती, आणि आतला तो अडकलेला अंगठा एकदम घसरून बाहेर आला. नखं तळव्यातून निघाली. मी ओरडले तशी आईच्या हातातून आरसा सुटायला आला. "काय झालं? काय झालं?" मी सांगितलं, मूठ उघडली. आईनं आरशाच्या मागं वाकून बघितलं. तिथं थोटा हात होता, तेवढाच. त्याच्या पुढं जिथं तळवा असता, तिथं हवेत तिनं अलगद आपला हात ठेवला. तेवढंच एक, ज्यावर मी कधी चिडले नाही.

मूठ पुन्हा मिटायची, हे सांगायला हवं. थंडीत मिटायची, झोप झाली नाही की मिटायची. पण आता ती उघडता येत होती. हळूहळू मिटणं कमी झालं.

कंधारला शाळेत रुजू झाले तेव्हा हेडसरांनी चहा मागवला, चौकशी केली आणि गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता ग्रंथालय सांभाळा. वर्गाची दगदग नको. शिवाय लहान मुलं आहेत, घाबरतात."

"कोण घाबरलं?"

"म्हणजे, घाबरतील."

"मग घाबरल्यावर बघू," मी म्हणाले आणि चहा तसाच ठेवून वर्गावर गेले. मुलं घाबरली नाहीत. पहिले दोन दिवस टक लावून बघितलं, मग एका मुलीनं विचारलं की आता फळ्यावर पट्टी कशी धरणार. मी म्हणाले, तू येऊन धर. ती आली आणि तिनं धरली. एवढंच होतं ते. हेडसरांच्या डोक्यातली भीती त्यांनी मुलांच्या नावावर खपवली होती.

प्रकाशाचा धडा आला तेव्हा मी तुटक रेषा काढल्या, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आभासी म्हणजे खोटी का?" पूर्वी मी घाईत हो म्हणून पुढं गेलेही असेन, आठवत नाही. त्या दिवशी सांगितलं, "खोटी नाही. तिथं प्रकाश नसतो, एवढाच अर्थ. कुठं दिसणार, केवढी दिसणार, सगळं ठरलेलं असतं. खोट्या गोष्टीला एवढे नियम नसतात." आवाज जरा चढला असावा, कारण पुढच्या बाकावरची मुलं दचकली.

पुढच्या सोयाबीनच्या हंगामात मी गावी गेले. काकांनी झाकण बसवलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण शेतात गेले तर मशीन चालू, मागं भुसा उडतोय, आणि तोंड उघडं. काड सारायला आमच्याच गावातली एक मजूर बाई उभी. तिच्याही अंगात फुल बाह्यांचा शर्ट.

मी ट्रॅक्टरवर चढले आणि बंद करून चावी काढून घेतली.

काका बांधावरून पळत आले. "अगं काय करून ऱ्हायलीस? वर आभाळ बघ!"

"झाकण कुठंय?"

"काड वलं हाय, अडकतंय. दोन दिसाचं काम हाय. परत बसवतो."

"आत्ता बसवा."

"अगं पान्हे घरी हायती."

"मग घरून आणा."

मजूर बायांनी खाली बसून घेतलं. एकजण म्हणाली, "मास्तरीण बरोबर बोलून ऱ्हायली." दुसरीनं तिला गप्प केलं. काका माझ्यावर ओरडले, वडिलांचं नाव काढलं, शिकवल्याचं काढलं, सगळं काढलं. मी चावी मुठीत धरून ट्रॅक्टरवर बसून राहिले. मशीनचा आवाज बंद झाला होता तरी माझी डावी मूठ गच्च मिटली होती, आणि तिथं आरसा नव्हता. दातावर दात दाबून बसले. शेवटी काकांनी शिरूरहून वेल्डिंगवाल्याला बोलावून घेतलं, आणि झाकण पान्ह्यानं निघणार नाही असं जोडून घेतलं. त्या वर्षी थोडं सोयाबीन भिजलं. काकू अजून ते ऐकवते. ऐकवू दे.

काही महिन्यांनी त्या फिजिओथेरपिस्टचा फोन आला. उमरीला एक म्हातारे आहेत, साखरेमुळं गुडघ्याखाली पाय काढलाय, लातूरला येणं होत नाही, तुम्ही नांदेड जिल्ह्यात आहात तर एकदा दाखवून याल का. मी रविवारी गेले. कंधारच्या काचवाल्याकडून लांब आरसा कापून घेतला होता, कडा घासून, चादरीत गुंडाळून. एसटीत तो मांडीवर धरून बसले आणि कंडक्टरशी त्यावरूनही भांडण झालं.

म्हातारे तंबाखू चघळत बाजेवर बसलेले होते. सुनेनं मला खुर्ची दिली. मुलगा दारात उभा राहून हसत होता. "मॅडम, काही नाही हो. वडलांना लक्ष पायजे असतं. पाय न्हाई तर अंगठा खाजतोय म्हणतेत. तुम्हीच सांगा."

मी त्याला म्हणाले, "तुम्ही बाहेर जा."

"माझंच घर हाय मॅडम."

"तरी जा. नाहीतर मी जाते, आणि हे रात्रंदिवस खाजवायला जे सापडत नाही ते तुम्ही शोधून द्या."

सून नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "जावा की जरा." तो गेला.

मी आरसा म्हाताऱ्यांच्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा केला, खाली उशा लावल्या आणि एका हातानं आणि गुडघ्यानं आवळून धरला. काच चांगल्या पायाकडं. त्यांना पुढं वाकून आरशात बघायला लावलं. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा जबडा हलायचा थांबला.

"आता पायाची बोटं हलवा, हळू. दोन्हीकडची हलवताय असं समजा."

बोटं हलली. मी म्हणाले, "खाज कुठं आहे? अंगठ्याला ना? मग हा जो समोर आहे तो खाजवा, पण बघायचं आरशात."

त्यांनी हात लांबवून चांगल्या पायाचा अंगठा खाजवला, नजर आरशात ठेवून. बराच वेळ खाजवला. डोळे अर्धवट मिटले. काय झालं, किती झालं, ते त्यांनाच ठाऊक. पहिल्याच दिवशी काही होईल असं मला वाटत नव्हतं आणि मी तसं सांगितलंही होतं. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला.

बाहेर मुलगा कोणाशी तरी फोनवर बोलत होता आणि हसत होता. ते ऐकून आरशावरचा माझा हात ताठ झाला आणि आरसा जरा कलला.

म्हाताऱ्यांनी आरशातून नजर न काढता विचारलं, "बाई, एवढी कुणावर चिडलीस गं?"

मी विचार केला. डॉक्टर, काका, तो लिंबवाला, हेडसर, दारातला तो मुलगा. "सगळ्यांवर," मी म्हणाले.

"चीड," ते म्हणाले. "खुशाल चीड. पर आरसा हलवू नको."